हाताच्या अंतरावरचं नाटक

मोठ्या नाट्यगृहात पंधराव्या रांगेत बसलं की नटाचा घाम दिसत नाही. छोट्या जागेत तो दिसतो, त्याला लागलेली धाप ऐकू येते, आणि नट वाक्य विसरला तर तेही झाकलं जात नाही. प्रायोगिक नाट्यमहोत्सवातून बाहेर पडणारा प्रेक्षक म्हणूनच कथानकाइतकाच या जवळिकीबद्दल बोलत असतो.

अशा महोत्सवांना जगभर ‘फ्रिंज’ म्हणतात. त्याची सुरुवात स्कॉटलंडमधल्या एडिंबराची. १९४७ साली तिथं मोठा आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव भरला आणि आमंत्रण नसतानाही आठ नाटकमंडळ्या येऊन थडकल्या. मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. आजही तिथल्या फ्रिंजला निवड समिती नाही. जागा मिळवायची नि प्रयोग करायचा. बरं काय, वाईट काय, हे पाहणाऱ्यानं ठरवायचं.

महाराष्ट्रात यासारखी गोष्ट घडली ती दादरच्या छबिलदास शाळेत. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था काढली. १९७४पासून शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले आणि पुढं जवळपास अठरा वर्षं चालू राहिले. तिथं एकट्या ‘आविष्कार’चीच नाटकं होत नसत, इतर संस्थांनाही ती हक्काची जागा मिळाली. गल्लाभरू नाटकाचं गणित बाजूला ठेवून, फसण्याची मुभा घेऊन, तरुण मंडळी तिथं नाटक करत.

या मोकळेपणाचा पहिला धक्का प्रेक्षकालाच बसला. बादल सरकार यांच्या बंगाली ‘मिछिल’चं ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी मराठीत आणलं. या नाटकात रंगमंच आणि प्रेक्षागृह असा भेदच नाही. नट लोकांमधून चालत जातात. घोषणा कानाशी होते. पडदा नाही, नेपथ्य नाही, टेकून निवांत बसायची सोय नाही. एखाद्याला ते फार भावायचं, एखाद्याला अवघडल्यासारखं व्हायचं. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्याच.

‘आविष्कार’नंच १९९४मध्ये वेगळी परीक्षा घेतली. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या तीन नाटकांची त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णी यांनी सलग बसवली. सुमारे नऊ तासांचा मामला! विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांचं घराणं पडझडीला लागतं, हे एका बैठकीत पाहताना प्रेक्षक त्या घरातलाच होऊन जातो. मध्यंतरात तो नाटकाबद्दल कमी आणि त्या माणसांबद्दल जास्त बोलतो.

लोणार तालुक्यातल्या बीबीच्या वाचकाला दादर लांबचं वाटेल. पण शेजारच्या जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ लांब नाही. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव. इथल्या राजकुमार तांगडे यांनी विजेच्या चोरीवर ‘आकडा’ लिहिलं. मग २०१२मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. मूळ कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, लेखन तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. नटांपैकी बरेचजण जालन्याकडचे शेतकरी. यम जिरेटोप घेऊन फिरतो, तो बसेल असं डोकं शोधत, आणि हसता हसता शिवरायांच्या नावाचं राजकारण उघडं पडत जातं. परिषदा-चर्चांतून वर्षानुवर्षं घोळलेला विषय या मंडळींनी गावरान बोलीत, पोवाड्याच्या चालीत लोकांसमोर मांडला आणि नाटक मुंबई-पुण्यातही गाजलं.

शहरी प्रेक्षकाला यातली बोली नवी वाटते, कधी एखादा शब्द निसटतो. वऱ्हाड-मराठवाड्याच्या सीमेवरचा माणूस मात्र बोलीशी अडखळत नाही. आकडा टाकून चालणारी मोटार, रात्रीची लाइट, पारावरच्या गप्पांतलं राजकारण त्याच्या रोजच्या पाहण्यातलं असतं. त्यामुळे हशा वेगळ्या जागी पडतो आणि शांतताही वेगळ्या जागी. महोत्सवाची खरी बातमी इथंच असते. तेच नाटक, तेच नट. पण दादरच्या खुर्चीवरून आणि गावच्या शाळेच्या पटांगणातून पाहिलेले दोन प्रयोग एकसारखे नसतात.

छबिलदासनंतर ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेलं. म्हणजे पुन्हा शाळाच. प्रायोगिक नाटकाला लागणारी किमान सामग्री त्यातून कळते: एक मोठी खोली, चार दिवे, आणि नाटक संपल्यावरही उठून न जाता नटांशी वाद घालणारे काही प्रेक्षक.