हृदय थांबते तेव्हा मेंदू वाचवायचा कसा?

आंबा झाडावरून उतरवला तरी तो मेलेला नसतो, हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील बागायतदाराला वेगळे सांगायला नको. देठ तुटला, झाडाकडून येणारी शिदोरी बंद झाली, तरी फळाचा श्वासोच्छ्वास चालूच राहतो. जमा थांबली आणि खर्च मात्र सुरू, अशी त्याची स्थिती असते. म्हणून आपण आंबा सकाळच्या गारव्यात काढतो आणि लगेच सावलीत नेतो. गारव्यात हा खर्च मंदावतो आणि फळ टिकते. पण हापूस १२-१३ अंश सेल्सिअसच्या खाली फार दिवस ठेवला, तर साल काळवंडते आणि फळ धड पिकत नाही. गारवा गुणकारी खरा, पण मापात.

माणसाच्या मेंदूच्या बाबतीत वैद्यकशास्त्र गेली पंचवीस वर्षे जवळजवळ हाच धडा गिरवीत आहे. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु वाडीवस्तीवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला या विषयातील चार गोष्टी ठाऊक असाव्यात, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

मेंदूची भूक

प्रथम एक फरक लक्षात घेऊ. हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदय बंद पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाची एखादी रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळ येते, घाम फुटतो. हृदय बंद पडते तेव्हा रक्त पुढे ढकलण्याचे कामच थांबते. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होऊन कोसळतो. झटक्यातून हृदय बंद पडू शकते. तसेच विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, सर्पदंश यांमुळेही पडू शकते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीर वापरते त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. आणि त्याच्या कणगीत साठा काहीच नसतो. रक्त थांबल्यापासून चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते.

हृदय पुन्हा सुरू झाले म्हणजे संकट टळले असे मात्र नाही. पुरात बुडालेले भातरोप पाण्याखाली तग धरते आणि पाणी ओसरल्यावर, हवा आणि ऊन एकदम मिळाल्यावर, माना टाकते, हे आपण पाहतो. मेंदूचेही काहीसे तसेच आहे. रक्त परत वाहू लागल्यानंतरच्या काही तासांत आणि दिवसांत पेशींमध्ये विषारी द्रव्ये तयार होतात, मेंदूला सूज येते आणि इजा वाढत जाते. हृदय सुरू झाले, पण माणूस शुद्धीवर आला नाही, असे होते ते यामुळेच.

गारव्याची कल्पना

शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने उतरले की मेंदूची प्राणवायूची गरज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी घटते. या गुणाचा उपयोग प्रथम शस्त्रक्रियेत झाला. कॅनडातील टोरांटोचे शल्यचिकित्सक बिगेलो यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून तो मार्ग दाखविला. त्यानंतर सप्टेंबर १९५२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचे शरीर २८ अंशांपर्यंत गार केले, रक्ताभिसरण साडेपाच मिनिटे थांबविले आणि तिच्या हृदयातील छिद्र बुजविले. ती मुलगी बरी झाली.

१९९९ साली नॉर्वेत याहून विलक्षण घटना घडली. ॲना बोगेनहोल्म ही तरुण स्वीडिश डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात सुमारे ८० मिनिटे अडकली. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद होते. तिचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. तरीही ती वाचली आणि पुढे डॉक्टर म्हणून काम करू लागली. मात्र येथे शरीर आधी गार झाले आणि हृदय नंतर थांबले. आपल्याकडे अंगणात कोसळणाऱ्या माणसाचे हृदय आधी थांबते. त्याला नंतर गार करून फायदा होईल काय, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर २००२ मध्ये मिळाल्यासारखे वाटले. युरोपातील २७५ रुग्णांच्या चाचणीत, हृदय पुन्हा सुरू होऊनही बेशुद्ध राहिलेल्या रुग्णांपैकी काहींना २४ तास ३२ ते ३४ अंशांवर ठेवण्यात आले. त्यांच्यातील ५५ टक्के रुग्णांचा मेंदू चांगला सावरला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या ७७ रुग्णांच्या चाचणीतही असाच फरक दिसला. जगभर अतिदक्षता विभागांत रुग्णांना गार करण्याचे उपचार सुरू झाले.

तुलनेचा वाफा

शेतकरी बंधूंनो, नवे खत वापरून पाहताना आपण शेजारी खत न घातलेला वाफा ठेवतो. पण त्या दुसऱ्या वाफ्यालाच कीड लागली असेल, तर फरक खताने पडला की किडीने, हे कसे ठरवायचे? २००२ च्या चाचणीत अशीच शंका निघाली. ज्यांना गार केले नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांना ताप चढला होता. मग फायदा गारव्याचा होता, की ताप न येऊ देण्याचा?

हे पाहण्यासाठी मोठ्या चाचण्या झाल्या. २०१३ मध्ये सुमारे ९५० रुग्णांत ३३ आणि ३६ अंशांची तुलना झाली. फरक आढळला नाही. २०२१ मध्ये १४ देशांतील १८०० हून अधिक रुग्णांत एका गटाला ३३ अंशांवर ठेवले, तर दुसऱ्याला गार न करता फक्त ताप चढू दिला नाही. सहा महिन्यांत पहिल्या गटात ५० टक्के, तर दुसऱ्यात ४८ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे खोल गारव्याचा वेगळा लाभ दिसला नाही. वाद पुरता मिटलेला नाही. काही प्रकारच्या रुग्णांना ३३ अंशांचा फायदा होतो, असे २०१९ च्या एका फ्रेंच चाचणीत दिसले होते. पण ताप येऊ देऊ नये, यावर आता सर्वसाधारण एकमत आहे.

बाहेरचे वाण आपल्या जमिनीत पारखून घ्यावे लागते, तसे उपचारांचेही आहे. जन्मतः गुदमरलेल्या बाळांचा मेंदू वाचविण्यासाठी त्यांना ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवण्याची रीत श्रीमंत देशांत रूढ आहे आणि तेथे तिचा गुणही आला आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत ४०८ बाळांवर तिची चाचणी झाली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयही तीत होते. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: गार केलेल्या बाळांपैकी ४२ टक्के, तर गार न केलेल्यांपैकी ३१ टक्के दगावली. आपल्याकडील काही बाळांना इजा प्रसूतीच्या बरीच आधी झालेली असावी, अशी एक शक्यता तज्ज्ञ मांडतात.

रुग्णालयात आज काय करतात?

हृदय सुरू होऊनही रुग्ण बेशुद्ध असेल, तर त्याचे तापमान शरीराच्या आत बसविलेल्या नळीने सतत मोजतात. ते ३७.५ अंशांच्या, म्हणजे आपल्या घरच्या तापमापकावरील ९९.५ च्या वर जाऊ नये, असे पाहतात. हे साधारण दोन-तीन दिवस चालते. त्यासाठी आधी तापाची औषधे, पांघरूण काढणे, खोली गार ठेवणे हे उपाय आणि जरूर पडल्यास यंत्र. काही रुग्णांना डॉक्टर ३३ ते ३६ अंशांपर्यंत गारही करतात. अशा वेळी हुडहुडी थांबविणारी औषधे द्यावी लागतात आणि पुन्हा ऊब आणायची ती तासाला पाव ते अर्धा अंश, इतक्या सावकाश. घाई केली तर अपाय होतो. गारव्यामुळे हृदयाचे ठोके बिघडणे, रक्त लवकर न गोठणे, जंतुसंसर्ग असे धोकेही संभवतात.

यात आपल्यासाठी दिलासा आहे. मुंबई तीनशे किलोमीटरहून दूर. तेथले गार करणारे यंत्र आपल्या रुग्णाला मिळाले नाही, म्हणून सर्व संपले असे नातेवाइकांनी समजू नये. ताप आवरणे, रक्तदाब आणि प्राणवायू सांभाळणे ही कामे चांगल्या अतिदक्षता विभागात होऊ शकतात. दुसरे असे की, बेशुद्ध रुग्णाचा मेंदू सावरेल की नाही, हे डॉक्टर साधारणपणे ७२ तासांच्या आत ठरवीत नाहीत. पहिल्याच दिवशी “आता घरी नेतो” म्हणण्याची घाई करू नये.

घरच्यांनी काय करावे?

अतिदक्षता विभागातील सारे कसब फळाला येते, ते पहिली मिनिटे वाया गेली नाहीत तरच. मदत न मिळाल्यास दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. पाखाडी उतरून गाडीपर्यंत जायलाच आपल्याकडे दहा मिनिटे लागतात. म्हणून पुढील गोष्टी घरातील सर्वांनी, मुलांनीसुद्धा, शिकून घ्याव्यात.

१. विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. माणूस तारेला चिकटलेला असताना त्याला हात लावू नये.

२. हाक मारून, खांदा हलवून पाहावे. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदय थांबले असे समजावे. मधूनच आचके येणे म्हणजे श्वास चालणे नव्हे.

३. एकाने १०८ ला फोन करून वाडीची नेमकी खूण सांगावी. गाडीला वाट दाखवायला एकाने तिठ्यावर उभे राहावे.

४. रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडील भाग ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, कोपर न वाकवता दाबावे. दाब सुमारे ५ सेंटीमीटर खोल, वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

५. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलाला तोंडाने श्वास देणेही फार महत्त्वाचे असते. आधी श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवावा. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. लहान मुलाची छाती बेतानेच दाबावी. ते प्रशिक्षणातच शिकावे.

६. कांदा हुंगविणे, तोंडात पाणी घालणे, डोक्यावर बर्फ ठेवणे यांत एक क्षणही घालवू नये. गारव्याचा उपचार रुग्णालयातला आहे, ओटीवरचा नव्हे.

छाती दाबणे वाचून पुरते येत नाही. हाताला सवय लागावी लागते. ग्रामपंचायतीने किंवा महिला बचत गटाने प्राथमिक आरोग्य केंद्राकडे प्रशिक्षणाची मागणी करावी. जिल्हा रुग्णालय, डेरवणचे वालावलकर रुग्णालय, की आणखी कोणते आपल्याला जवळ, हे आशाताईंना आधीच विचारून ठेवावे. आंब्याचा हंगाम संपला की पेरणीआधी थोडी उसंत असते. त्या दिवसांत वाडीतील निदान दहा जणांना हे काम शिकविता आले, तर दारात कोसळलेल्या माणसाचा मेंदू रुग्णालयात पोहोचेपर्यंत तग धरण्याची आशा राहील.