निराशेचा अर्ज

मनोरंजन उद्यानाच्या दारात भरलेल्या शुल्कात मुलांनी महिनोन्‌महिने जपलेली उत्कंठाही अनामत म्हणून ठेवलेली असते, आणि म्हणूनच जाहिरातीतले पाळणे प्रत्यक्षात बंद निघाल्यास कंपनीस पत्र लिहिणे मला सर्वस्वी रास्त वाटते. संताप आवरून भेटीची तारीख, तिकिटाचा क्रमांक, दिलेले वचन व आढळलेली उणीव तपशीलवार नमूद करावी, पावतीची नक्कल जोडावी आणि परतावा हवा की भरपाई, हे निःसंदिग्ध लिहावे. मोघम तक्रार दप्तरदाखल होते. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या मुदतीत, जिल्हा ग्राहक आयोगाकडे फिर्याद गुदरता येते. सेवेसाठी मोजलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तिला शुल्क पडत नाही.