बागबाजारहून अजिंठ्याला: शिकणाऱ्यांच्या हाती खरं काम

आजचा विषय आहे पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत आणि स्टुडिओत स्वतःच्या हातांनी काम करायला मिळणं. उदाहरण कोलकात्याच्या बागबाजारचं घेतोय. पण ते थेट आपल्या अजिंठ्यापर्यंत येतं, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

आधी आपल्याकडचं प्रॅक्टिकल आठवा. टेबलावर मांडणी तयार, उत्तर पुस्तकात छापलेलं, रीडिंग गेल्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेली. एक्सटर्नल येतात, सह्या होतात, विषय संपतो. याला प्रयोग म्हणायला माझं मन घेत नाही. प्रयोगात उत्तर आधी ठाऊक नसतं!

आता बागबाजार. तिथल्या बोसपाडा लेनमध्ये भगिनी निवेदिता राहायच्या. १८९८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा तिथेच सुरू केली. त्या घरात ना उपकरणं होती, ना स्टुडिओ. पण कोणाला कुठे काम करायला मिळायला हवं, हे बाईंना अचूक कळायचं. जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत. संशोधनासाठी त्यांना धड प्रयोगशाळा नव्हती. एका छोट्याशा खोलीत, कारागिराकडून उपकरणं घडवून घेऊन ते काम करत. त्यांच्या ग्रंथांच्या संपादनात निवेदितांचा मोठा हात होता, आणि भारतीयांसाठी स्वतंत्र संशोधनसंस्था हवी हा ध्यासही दोघांचा. बसू विज्ञान मंदिर उभं राहिलं ३० नोव्हेंबर १९१७ रोजी. निवेदिता १९११ मध्येच गेल्या होत्या.

दुसरी गोष्ट चित्रकलेची. लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होत्या. निवेदितांनी आग्रह धरला, की अवनींद्रनाथ ठाकूरांच्या शिष्यांनी तिथे मदतीला गेलंच पाहिजे. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडचे के. वेंकटप्पा गेले. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. असितकुमार जेमतेम एकोणीस वर्षांचे, म्हणजे आजच्या हिशेबात एस.वाय.चे! गुहेत उजेड कमी, रंगांचे पोपडे सुटलेले. अशा भिंतीसमोर उभं राहून हात कुठे वळला, रेघ कुठे जाड झाली, हे एकेका आकृतीत शोधायचं. छापील चित्र पाहून हे कळत नाही.

पुढे नंदलाल शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. भारतीय संविधानाची मूळ प्रत सजवायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनीही आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी घेतलं.

मराठी माणसाला वाटेल, बंगाल्यांनी यात बाजी मारली. तसं नाही हो. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढची काही वर्षं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन याच भिंतींसमोर बसले होते. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच. त्यांच्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात भिंतींना व्हार्निश लावलं गेलं, ते पुढे काळवंडलं आणि मूळ चित्रांचं नुकसान झालं. मुलांच्या हाती अस्सल वस्तू द्यायची, तर शेजारी जाणकार माणूस हवाच.

हे सगळं आत्ता का सांगतोय? यूजीसीच्या चार वर्षांच्या पदवीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. कागदावर उत्तम. पण बी.एस्सी.च्या मुलीला प्रयोगशाळा पाचलाच बंद झालेली दिसली, तर ती १२ क्रेडिट ग्रंथालयात बसून, इंटरनेटवरून उतरवूनच मिळवणार.

म्हणून प्रवेश घेताना इमारतीचे फोटो पाहू नका. तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलांना गाठा आणि विचारा: प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते? सुट्टीच्या दिवशी आत जाता येतं का? रसायनं, कॅनव्हास, सुटे भाग यांचे पैसे कॉलेज देतं की तुमच्या खिशातून जातात? उपकरण हाताळताना बिघडलं तर दंड होतो, की दुरुस्त करायला शिकवतात? आणि लॅब असिस्टंटचं नाव विचारा. मुलांना ते पटकन सांगता आलं, तर समजा मुलं तिथे खरंच जातात.