खरज बांधावा लागतो

आमच्या भिवपुरीत एकादशीच्या रात्री भजन बसते. पेटी काळी दोनमध्ये सुरू होते. माझे वडील, ज्यांना सारी आळी अण्णा म्हणते, चाळीस वर्षे याच पट्टीत गात आले. ऐंशी ओलांडल्यावर मात्र त्यांचा आवाज काळी दोनला फाटू लागला. पांढरी एकमध्ये तो अजून भरदार लागतो. एका एकादशीला पट्टी उतरवावी असे मी सुचवले, ते मंडळींनी हसण्यावारी नेले. तेव्हापासून अण्णा टाळ घेऊन मागे बसू लागले. हात चाले, तोंड मिटलेले.

मी संगीत रीतसर शिकलेला नाही. नोकरी सांभाळून पुस्तके वाचली, वाद्ये उघडून पाहिली, तेवढीच माझी विद्या. घरात एक जुनी गिटार होती. तिच्यावर अण्णांच्या पट्टीतला खरज लावला तर निदान ओटीवर ते गातील, एवढ्याच हेतूने मी कामाला लागलो. काम एका संध्याकाळचे वाटले होते. त्याला दोन पावसाळे लागले.

गिटारच्या सहा तारा नेहमीच्या रीतीने, जाडीकडून बारीककडे, पेटीच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन अशा लावतात. पडद्यांवर बोटे दाबून निरनिराळे स्वरमेळ वाजवायला ही रचना सोयीची. आपल्या गाण्याला मात्र खाली अढळ राहणारा एक षड्ज हवा असतो. ही गरज फक्त आपलीच नाही. एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार हवाई बेटांवर पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी काही तारा उतरवून मोकळ्या तारांतूनच स्वरमेळ निघेल अशी सोय केली. त्या पद्धतीचे हवाईयन नाव आहे ‘की होआलू’, म्हणजे सैल केलेली चावी. हवाईयन गिटार पुढे भारतात आली आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी ती आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवत, तिच्यातून राग उभे केले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत वाजलेली आहे.

मी पांढरी एक हा षड्ज धरून तारा सा, प, सा, प, सा, सा अशा लावल्या. पहिली तार आधी पांढरी तीनवरच, म्हणजे शुद्ध गंधारावर, ठेवली होती. पण भैरवीतल्या अभंगाला तो गंधार बोचू लागला, म्हणून तीही सा वर आणली. आता वरच्या दोन तारा तंबोऱ्याच्या जोडीसारख्या झाल्या आणि सहावी तार खरजाची. कागदावर सगळे जुळले. अण्णांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “अरे, तार खाली गेली, पण बोलत नाही. नुसती लोळतेय.”

त्यांचे निदान अचूक होते. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. गिटारची लांबी ठरलेली, सुमारे साडेपंचवीस इंच. सहावी तार मूळची सेकंदाला ८२.४ कंपनांची, पांढरी एकच्या खरजाला ६५.४ हवीत. ताण कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे स्वर चारच पट्ट्या उतरला, तरी ताण मूळच्या ६३ टक्क्यांवर येतो. जिथे साधारण १२ किलोंचा ओढा होता, तिथे साडेसात उरतो. अशी तार पडद्यांवर खडखडते. जोरात छेडली तर स्वर आधी वर उडतो आणि मग जागेवर येतो. पडद्यावर जरा जास्त दाबली तरी बेसूर होते.

उपाय एकच, वजन वाढवणे. जितक्या पटीने कंपने कमी, तितक्या पटीने जाडी जास्त. माझी तार ५३ हजारांश इंचांची होती, हिशेबाने ६७ची हवी. दादरला ६६ची मिळाली. पहिली तारही चार पट्ट्या उतरलेली, म्हणून तिथे १२ ऐवजी १५ची घातली. जाड तार मानेवरच्या खाचेत बसेना. खाच कानशीने रुंद करताना एकदा जास्त खोल गेली आणि ते हाड नवे बसवावे लागले. एक पावसाळा यात गेला.

तार घट्ट झाली, तरी पंचम खरजाला झाकत होता. याचे कारण घराबाहेर सापडले. भिवपुरीला टाटांचे वीजघर १९२२पासून आहे; आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी घाट उतरून तिथे येते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, पण ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून तो १०० कंपनांनी गुणगुणतो. आमच्या आळीच्या टोकाला असा एक आहे. रात्री त्याच्याजवळ गिटार नेली, तर पाचव्या तारेचा ९८चा पंचम त्या गुणगुणीशी भिडून सेकंदाला दोनदा हेलावू लागला. मग गिटारच्या भोकाशी तोंड नेऊन तोच स्वर धरला, तर सगळी पेटी थरारली. साध्या गिटारच्या पोटातली हवा १००च्या आसपासच घुमते. पंचम नेमका तिथे पडतो. ६५चा खरज त्याच्या बराच खाली राहतो आणि त्या पोटात त्याला आधार मिळत नाही.

तंबोऱ्याने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढा पट्ट्यातले मोठे भोपळे निवडतात. त्यामुळे वाद्याचे पोट मोठे होते. दुसरी युक्ती जवारीची. रुंद घोडीवर तारेखाली सूत सरकवले की तारेतून वरचे अनेक स्वयंभू स्वर फुटतात आणि त्यांवरून कान मूळ खरज स्वतःच जुळवून घेतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर लिहिले होते. एरवीच्या नियमाने जे स्वर उमटू नयेत तेही तंबोऱ्यात उमटतात, हे त्यांनी दाखवले. गिटारच्या घोडीचे हाड अरुंद. तिथे सुताने काही साधले नाही. मात्र सहावी तार घोडीजवळ छेडली की वरचे स्वर वाढतात, आणि पाचवी बोटाच्या पेराने हलकेच छेडली की पंचम मागे सरतो. एवढे केल्यावर खरज उभा राहिला.

नंतर कळले की याच वाटेवर एक मोठा माणूस आमच्या जिल्ह्यातच राहून गेला. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांचे गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला होते, कर्जतहून पनवेलची गाडी धरली की पुढच्या टप्प्यावर. त्यांना रुद्रवीणेतून धृपदाचा संथ, खोल आलाप हवा होता. त्यासाठी त्यांनी वीणाच नव्याने घडवून घेतली: भोपळे मोठे, दांडी जाड, तारा जाड. नखीशिवाय, नुसत्या बोटाने ते वाजवत. त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना माझ्या कानशीच्या कामाला पहिल्यांदा अर्थ आला. खुंटी सैल केली की फक्त सैल तार मिळते. खरज हवा असेल तर वाद्य त्याच्यासाठी बांधावे लागते.

मग भजनी मंडळीवरचा माझा रागही तपासून पाहिला. पेटीवाल्याला काही खर्च नाही, बोटे तीन पट्ट्या डावीकडे नेली की झाले. अडचण पखवाजाची. त्याचे उजवे तोंड काळी दोनला चढवलेले. गठ्ठे ठोकून ते तीन पट्ट्या उतरवले तर आमच्या तारेसारखेच लोळेल. त्याला मोठ्या तोंडाचा दुसरा पखवाज हवा. हे कुणाला मांडता आले नाही, म्हणून ते हसले. मीही खुंटी पिळण्याइतके सोपे समजूनच मागणी केली होती.

गेल्या आषाढीपासून अण्णा ओटीवर रोज गातात. पखवाजवाल्या काकांना एकदा मुद्दाम बोलावून ऐकवले. त्यांनी सहावी तार स्वतः छेडून पाहिली आणि बराच वेळ मान हलवत बसले. येत्या कार्तिकी एकादशीला शेवटचे दोन अभंग पांढरी एकमध्ये घ्यायचे ठरले आहे. पखवाज खाली ठेवून, नुसते टाळ आणि गिटार. दुसऱ्या पखवाजासाठी वर्गणी काढायची की नाही, ते त्या रात्रीनंतर ठरेल.