एक किल्ली, चार कुलुपे

अ‍ॅस्पिरिनच्या गोळीने ताप उतरतो, पण काहींच्या पोटात जळजळ सुरू होते. तापाचा आणि पोटाचा संबंध काय?

संबंध आहे तो प्रोस्टाग्लँडिन ई-२ या रेणूचा. हा रेणू पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांना चिकटून पेशीला निरोप देतो. त्याचे ग्राही चार प्रकारचे आहेत, ईपी-१ ते ईपी-४. किल्ली एकच, पण पेशीत पुढे काय घडणार, ते कुलूप ठरवते. ईपी-२ आणि ईपी-४ मुळे पेशीतील चक्रीय एएमपी वाढते, ईपी-३ मुळे ते बहुधा घटते. मेंदूच्या हायपोथॅलॅमस भागात ईपी-३ ला हा रेणू चिकटला की ताप चढतो. ज्या उंदरांमध्ये ईपी-३ नव्हता त्यांना जिवाणूंच्या विषानेही ताप आला नाही, असे क्योटोच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले. जठरात मात्र हाच रेणू आम्ल कमी करतो आणि आतले बुळबुळीत अस्तर राखतो.

अ‍ॅस्पिरिन कुलपांना हात लावत नाही. ती किल्ली घडवणेच थांबवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. साहजिकच ताप उतरतो आणि जठराचे संरक्षणही जाते. (मुलांच्या तापात अ‍ॅस्पिरिन देत नाहीत, त्याचे कारण वेगळे: राय सिंड्रोम हा यकृत व मेंदूचा दुर्मीळ पण घातक विकार.)