परदेशी माल, आपला पैसा (भाग ७) : आधी खातं वाचा, मग माल बघा

गेल्या भागात आपण आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, कसा काढायचा ते पाहिलं. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून मिळणारा हा कोड आता आपला पॅन क्रमांकच असतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते. कोड हाती आला की पुढची पायरी पैसे पाठवण्याची. माणसं फसतात ती बहुतेक याच पायरीवर, म्हणून हा अख्खा भाग तिच्यासाठी.

परदेशातून माल मागवणं हे सिन्नरमध्ये आता फक्त मोठ्या कंपन्यांचं काम राहिलेलं नाही. माळेगावच्या एमआयडीसीत आणि मुसळगावच्या सहकारी वसाहतीत पाच-दहा माणसांवर चालणारी वर्कशॉपं आहेत. कोणाला सीएनसीचे इन्सर्ट हवे असतात, कोणाला बेअरिंग, कोणाला छोटं पॅकिंग मशीन. गावातल्या दुकानदाराला दिवाळीच्या आधी एलईडीच्या माळा हव्या असतात. मोबाईलवर चीनमधल्या विक्रेत्याचा भाव थेट दिसतो आणि मुंबईच्या व्यापाऱ्याच्या भावाशी तो ताडून पाहिला की मोह होतोच. हा मोह चुकीचा नाही. थेट माल मागवून धंदा वाढवणारे पुष्कळ आहेत. फक्त पैसे सोडण्याआधी नेमकं काय तपासायचं, हे ठाऊक हवं.

माझं सांगणं एकच आहे. वेबसाइट, कारखान्याचे फोटो, प्रमाणपत्रं, गोड बोलणारी सेल्स मॅनेजर, हे सगळं उभं करता येतं. पैसे ज्या खात्यात जाणार, ते खातं मात्र कोणाच्या तरी नावावर असावंच लागतं. म्हणून मालाच्या फोटोंवर दोन तास घालवत असाल, तर खात्यावर निदान अर्धा तास घालवा.

छोट्या रकमेवर डोळा

‘आपली ऑर्डर लाख-दीड लाखाची, एवढ्यासाठी कोण फसवणार?’ असं अनेकांना वाटतं. खरं उलट आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये चिनी विक्रेत्यांचा माल दाखवणाऱ्या अलिबाबा डॉट कॉम या संकेतस्थळाने स्वतःच जाहीर केलं, की २००९ आणि २०१० या दोन वर्षांत त्यांच्या २,३२६ ‘गोल्ड सप्लायर’नी खरेदीदारांना फसवलं होतं. कंपनीचेच सुमारे शंभर विक्री कर्मचारी त्यात सामील होते किंवा त्यांनी काणाडोळा केला होता. मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड वेई यांचा त्यात हात नव्हता, तरी जबाबदारी स्वीकारून त्यांनी राजीनामा दिला.

त्या प्रकरणातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, फसवणुकीची सरासरी रक्कम १,२०० डॉलरपेक्षा कमी होती. एवढ्यासाठी कोणी चीनमध्ये वकील लावत नाही, हे त्या टोळ्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसरी, त्यांची पद्धत ठरलेली होती. लोकांची मागणी असलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू, भाव फारच आकर्षक आणि किमान ऑर्डर अगदी थोडी. आजही हे तिन्ही एकत्र दिसले की थांबायचं.

‘गोल्ड सप्लायर’ हे पैसे भरून मिळणारं सदस्यत्व आहे, हेही लक्षात ठेवा. ‘व्हेरिफाइड’ शिक्क्याला थोडं जास्त वजन आहे, कारण त्यासाठी त्रयस्थ संस्था जाऊन पाहणी करते. पण तो शिक्काही कंपनीच्या असण्याची खात्री देतो, तुमच्या ऑर्डरची नव्हे.

पीआय समोर ठेवा आणि रेघ न् रेघ वाचा

भाव ठरला की विक्रेता प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे पीआय, पाठवतो. बरेच जण त्यात फक्त भाव, नग आणि एकूण रक्कम बघतात. पीआयच्या तळाशी बँकेचा तपशील असतो, तिथून वाचायला सुरुवात करा.

‘बेनिफिशियरी नेम’ या ओळीत काय लिहिलंय? वर लेटरहेडवर ज्या कंपनीचं नाव आहे, तंतोतंत तेच हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव असेल, तर तिथेच थांबा. ‘आमच्या मालकांचं वैयक्तिक खातं आहे, कर वाचतो’ हे उत्तर हजारदा दिलं गेलंय. दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल, तर तेही संशयास्पदच. चीनमधल्या काही खऱ्या कंपन्या हाँगकाँगमधल्या आपल्या दुसऱ्या कंपनीच्या खात्यात पैसे घेतात. मात्र तसं असेल तर त्या दोन कंपन्यांचं नातं कागदावर दाखवायला आणि पीआयमध्ये तसं लिहून द्यायला खरा विक्रेता कचरत नाही. आपली बँकही त्रयस्थाला पैसे पाठवताना हा कागद मागते.

मग बँकेचा पत्ता बघा. कारखाना ग्वांगडोंगमध्ये आणि खातं युरोपातल्या कुठल्याशा देशात, असं का? खरा विक्रेता याचं कारण सांगतो. फसवणारा ‘ऑडिट चालू आहे’ म्हणतो.

आता कंपनी. विक्रेत्याकडून त्याच्या बिझनेस लायसन्सची प्रत मागा. चीनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला १८ अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो. हा क्रमांक तिथल्या सरकारी नोंदणी-संकेतस्थळावर टाकला की कंपनीची स्थापना कधी झाली, ती चालू आहे की बंद आणि तिला नेमका कसला धंदा करायची परवानगी आहे, हे दिसतं. संकेतस्थळ चिनी भाषेत आहे, पण ब्राउझरमधल्या भाषांतराने काम भागतं. कंपनीचं कायदेशीर नाव चिनी लिपीतलंच असतं. इंग्रजी नाव सोयीचं असतं आणि तेच नाव दुसरा कोणीही लावू शकतो, म्हणून इंग्रजी नावावर विसंबू नका. ‘वीस वर्षं जुना कारखाना’ म्हणणाऱ्याची नोंदणी आठ महिन्यांपूर्वीची निघाली, तर आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

क्रिप्टोत, एखाद्या वैयक्तिक वॉलेटवर किंवा मुंबईतल्या कोणाला रोख द्या, अशी मागणी आली तर तो व्यवहार तिथेच सोडून द्या. असा पैसा बँकेतून गेलेला नसतो. त्यामुळे तो परत मागायची वाटच उरत नाही आणि परकीय चलनाच्या फेमा कायद्याचा त्रास वेगळा.

‘आमचं खातं बदललं आहे’

वरचं सगळं तपासलं, विक्रेता खरा निघाला, दोन-तीन ऑर्डरी सुखरूप आल्या. धोका संपला असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच हा मेल येतो.

२०१५ मध्ये असाच फटका ओएनजीसीला बसला. ओएनजीसीने सौदीच्या अराम्को कंपनीला नाफ्था पाठवला होता. त्याचे पैसे येईनात, म्हणून चौकशी केली, तर अराम्कोने ते केव्हाच भरले होते. गुन्हेगारांनी ओएनजीसीच्या मेलच्या पत्त्यासारखा हुबेहूब पत्ता तयार केला होता. फरक एवढाच की ‘ओ-एन-जी-सी’च्या जागी ‘ओ-जी-एन-सी’. त्या पत्त्यावरून नवं खातं कळवलं गेलं आणि सुमारे १९७ कोटी रुपये भलत्याच खात्यात गेले. तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे नोंदली गेली. या व्यवहारात दोन्ही कंपन्या खऱ्या होत्या आणि मालही खरा होता. खोटा होता तो फक्त मेल.

एवढ्या मोठ्या कंपन्यांच्या नजरेतून दोन अक्षरांची अदलाबदल सुटते, तर मोबाईलच्या छोट्या पडद्यावर आपल्या नजरेतून ती सुटणारच. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’सारखे दिसतात, ‘एल’च्या जागी एकचा आकडा सहज खपून जातो. म्हणून नजरेवर भिस्त ठेवू नका. नियमच करा : खातं बदलल्याचा मेल आला, की फोन किंवा व्हिडिओ कॉल करूनच खात्री करायची, आणि तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. त्याच मेलला ‘रिप्लाय’ करून विचारण्याला काही अर्थ नाही, कारण उत्तर फसवणाराच देणार.

खात्याचं नाव जुळलं तरी हा फोन टाळू नका. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कास याने तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या पुरवठादाराच्या नावाचीच कंपनी लाटवियात नोंदवली, त्या नावाने खाती उघडली आणि २०१३ ते २०१५ या काळात फेसबुक आणि गूगलकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली.

तीस-सत्तर आणि त्यातली फट

सर्वसाधारण रीत तीस-सत्तरची. ३० टक्के आगाऊ टीटीने, म्हणजे बँकेतून थेट पाठवून, उरलेले ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे बीएलची, प्रत आल्यावर. पहिल्या व्यवहारात शंभर टक्के आगाऊ देऊ नका, भाव कितीही कमी करून दिला तरी. रक्कम लहान असेल, तर प्लॅटफॉर्मच्याच संरक्षित पद्धतीने पैसे भरा, ज्यात माल पोहोचेपर्यंत रक्कम अडकून राहते. ‘प्लॅटफॉर्मबाहेर दिलेत तर पाच टक्के सूट’ हे आमिष त्या संरक्षणातून तुम्हाला बाहेर काढण्यासाठीच असतं.

बीएलची प्रत आली म्हणजे माल जहाजावर चढला असं समजून उरलेले पैसे सोडू नका. पीडीएफ कोणीही बनवतो. प्रतीवरचा कंटेनर क्रमांक काढा : चार इंग्रजी अक्षरं, त्यातलं चौथं ‘यू’, आणि पुढे सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून ठरलेल्या गणिताने काढलेला असतो. त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. मग तोच क्रमांक जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून कंटेनर कुठून निघाला आणि न्हावा शेवाकडे येतोय का, ते पाहा. माल सुटा, म्हणजे एलसीएलने, येत असेल तर बीएल फॉरवर्डरची असते, पण कंटेनरचा क्रमांक तेव्हाही मिळतो. आपल्या सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, हे दोन मिनिटांत बघून द्यायला सांगा.

मोठ्या यंत्रासाठी बँकेची एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, हा चांगला मार्ग आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम, यूसीपी ६००, स्पष्ट सांगतात की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. कागद बरोबर असले तर पेटीत भंगार निघालं तरी बँक पैसे देते. म्हणून एलसीत मागायच्या कागदांमध्ये एसजीएस, ब्यूरो व्हेरिटास यांसारख्या त्रयस्थ संस्थेचा तपासणी-दाखला घालून घ्या. नमुना उत्तम आणि लॉट रद्दी, या फसवणुकीवरही हाच उपाय आहे. एका दिवसाच्या तपासणीला काहीशे डॉलर लागतात. दहा लाखांच्या मालाला हा खर्च परवडतो.

स्वस्ताईचे दोन खड्डे

पहिला, ‘किलोमागे इतके, ड्युटीसकट घरपोच’. असा माल अनेकदा दुसऱ्याच्या नावावर किंवा चुकीच्या वर्णनाखाली येतो. तुमच्या नावाची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमकडे भरायचा आयातीचा कागद, नसली तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळत नाही आणि माल पकडला गेला तर तो तुमचा आहे हे सिद्ध करणंही अवघड होतं.

दुसरा, खोटं बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं आहे. एलईडी दिवे, अडॉप्टर, पॉवर बँक यांनाही बीआयएसची नोंदणी लागते. विक्रेत्याने पाठवलेला क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाका आणि कारखान्याचं नाव-पत्ता जुळतो का ते पाहा. नाही जुळला तर माल बंदरातच अडकेल आणि तुमचे पैसे विक्रेत्याकडे गेलेले असतील.

पार्सल अडकलंय, एवढे भरा म्हणजे सोडतो, असा ‘कस्टम अधिकाऱ्या’चा फोन आला तर घाबरू नका. ड्युटी कोणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा वैयक्तिक यूपीआयवर भरली जात नाही. कस्टम विभागाच्या पत्रव्यवहारावर ८ नोव्हेंबर २०१९ पासून डीआयएन हा दस्त-ओळख क्रमांक असतो, आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या, म्हणजे सीबीआयसीच्या, संकेतस्थळावर तपासता येतो.

पैसे गेलेच तर

त्याच तासाला बँकेत जा आणि स्विफ्ट व्यवहार परत बोलावण्याची लेखी विनंती द्या. १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सिन्नर नाशिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं, तिथेही लेखी तक्रार द्या. मेल डिलीट करू नका, त्यांचे पूर्ण हेडर जपून ठेवा. विक्रेता चिनी असेल तर बीजिंगच्या भारतीय दूतावासाच्या वाणिज्य विभागालाही कळवा. खरं सांगायचं तर परदेशी खात्यातून पैसे काही तासांत पुढे सरकतात, म्हणून प्रत्येक मिनिट मोलाचं. आणि नंतर ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणत येणाऱ्याला दारात उभं करू नका. अनेकदा तीच टोळी असते.

आणखी एक काम उरतं, ते बहुतेकांना माहीत नसतं. बँकेतून गेलेलं प्रत्येक आयात-पेमेंट २०१६ पासून आयडीपीएमएस या प्रणालीत नोंदलं जातं, आणि बिल ऑफ एन्ट्री जुळेपर्यंत ती नोंद उघडी राहते. माल आलाच नाही तर ती जुळणार कशी? म्हणून तक्रारीची प्रत बँकेला लेखी द्या, नाहीतर फसवणूक झालेल्यावरच कागद न दिल्याचा ठपका येतो आणि पुढच्या व्यवहारांना बँक अडवते.

शेवटी एक कळकळीची विनंती. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो, आणि त्याच नावाने, त्याच खात्यावर शेजारचा गाळेवाला महिन्याभरात फसतो. वसाहतीच्या बैठकीत, व्यापारी मंडळात, निदान आपल्या सीएचएजवळ तरी बोला : कंपनीचं नाव, खात्याचं नाव, मेलचा पत्ता. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी. तुमच्या एका माहितीने दुसऱ्या कोणाचं भांडवल वाचतं.

पुढच्या आठवड्यात : करारात कोणत्या अटी घालायच्या, आणि माल निघण्याआधीची तपासणी सिन्नरमध्ये बसून कशी करवून घ्यायची.