संयुजेचे पत्ते

आठवीच्या मुलांना विज्ञानात जिथे पहिली धडकी भरते, ती जागा म्हणजे संयुजा. सोडियमची 1, मॅग्नेशियमची 2, ॲल्युमिनियमची 3, हे पाठ होते. पण सूत्र लिहा म्हटले की पेन थांबते.

त्यासाठी वर्गात जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले आहेत. प्रत्येकावर एक मूलद्रव्य आणि त्याची संयुजा. चौघांना सात-सात वाटायचे, बाकीचे मध्ये पालथे. पाळी आली की एक उचलायचा आणि संयुजा जुळली तर संयुग खाली मांडायचे. सोडियम-क्लोरीन लगेच जुळते, मीठ तयार! ॲल्युमिनियम-ऑक्सिजनला मात्र 3 आणि 2 समोरासमोर येतात. मग कुजबुज, बोटांवर हिशेब. शेवटी कुणीतरी दोन ॲल्युमिनियम आणि तीन ऑक्सिजन मांडते. 6 ला 6. फळ्यावर दहादा लिहून जे बसत नाही, ते इथे बसते.

“टीचर, पोटॅशियमवर ‘के’ का?” हा प्रश्नही खेळातच येतो. लॅटिन नाव कॅलियम, त्याचे मूळ अरबी ‘अल-क़ली’, म्हणजे वनस्पतींची राख. अल्कली हा शब्दही तिथलाच.

पत्ते म्हटले की घरी भुवया उंचावतात, आणि ते योग्यच आहे. कुरआनने जुगाराला सक्त मनाई केली आहे. इथे पैसा नाही, पैजही नाही. तरी कुणाच्या अब्बांना नाव खटकत असेल तर ‘चिठ्ठ्या’ म्हणावे.

मला काळजी वाटते ती मोबाइलवरच्या शिकवणीची. तिथे प्रत्येक उत्तराला नाणी, तारे, वर क्रमवारी. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्र काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितले, चित्र काढा, प्रमाणपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत त्याच मुलांनी चित्रांना इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. बक्षिसाने आवड खाल्ली. क्रमवारीत तळाला असलेले मूल तर काही दिवसांतच ॲप उघडणे सोडते. म्हणून आमच्या खेळात गुण लिहीत नाही. आणि अम्मीने “किती तारे मिळाले?” याऐवजी “आज काय जुळले?” असे विचारलेले बरे.

घरी करायचे असेल तर हायड्रोजन आणि सोडियम सहा-सहा. पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम चार-चार. समोर क्लोरीन 12, ऑक्सिजन 16. दोन्ही बाजूंना 28 पत्ते, संयुजेची बेरीज 44. नीट मांडले तर एकही पत्ता उरत नाही. ती मांडणी मुलांनाच शोधू द्या.